संदर्भ : ‘फिश फाइंडर’ची भाषा आणि काशीची गंगा

वाराणसी : पाण्याखालील मासे, तळ आणि खोली यांचा वेध ध्वनीच्या साहाय्याने घेणारे ‘फिश फाइंडर’ हे यंत्र आज कोकण किनाऱ्यावरील यांत्रिक नौकांवरील तांडेलांना सुपरिचित आहे. कॅनडा, फिनलंड आणि अमेरिकेच्या उत्तरेकडील राज्यांत गोठलेल्या तलावांच्या बर्फाला छिद्र पाडून मासेमारी करणारे हौशी लोकही ते वापरतात. यंत्र विकत घेणे सोपे, परंतु त्याच्या पडद्यावरील खुणांचा अर्थ लावणे हे स्वतंत्र कौशल्य आहे. या कौशल्याची तत्त्वे कोणती आणि काशीतील रामघाटासारख्या ठिकाणी ती कशी लागू पडतात, याचा हा आढावा.

प्रतिध्वनीचे गणित

फिश फाइंडर म्हणजे मूलतः प्रतिध्वनीवरून खोली मोजणारे ‘इको साउंडर’. नौकेच्या तळाशी बसवलेला ‘ट्रान्सड्यूसर’ विद्युत स्पंदाचे ध्वनिस्पंदात रूपांतर करतो. हा ध्वनी तळावर किंवा माशावर आदळून परततो आणि तोच ट्रान्सड्यूसर त्याचे पुन्हा विद्युत संकेतात रूपांतर करतो. पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १५०० मीटर असतो. त्यामुळे १० मीटर खोलीवरून प्रतिध्वनी परतण्यास सेकंदाचा सुमारे पंचाहत्तरावा भाग लागतो. यंत्र केवळ हा काळ मोजते आणि त्यावरून अंतर काढते.

हा वेग पाण्याच्या तापमानानुसार बदलतो. गोड्या पाण्याचे तापमान १५ अंश सेल्सियस असताना तो सेकंदाला सुमारे १४६६ मीटर, तर ३० अंशांना सुमारे १५०९ मीटर असतो. हा फरक जवळपास ३ टक्क्यांचा, म्हणजे १० मीटर खोलीमागे साधारण ३० सेंटिमीटरचा आहे. मासा शोधताना तो नगण्य ठरतो. जलमार्गाची खोली निश्चित करताना मात्र त्याची दखल घ्यावीच लागते.

या विद्येचा इतिहास जुना आहे. १८२६ मध्ये जिनिव्हा सरोवरात घंटानाद करून पाण्यातील ध्वनीचा वेग मोजण्यात आला. ‘टायटॅनिक’ बुडाल्यानंतर प्रतिध्वनीने हिमनग आणि तळ शोधण्याच्या प्रयत्नांना वेग आला. पहिल्या महायुद्धाच्या काळात फ्रान्समध्ये पॉल लांजव्हँ यांनी स्फटिकाच्या साहाय्याने अतिउच्च वारंवारतेचा ध्वनी पाण्यात सोडण्याचे तंत्र विकसित केले. नॉर्वेचे ऑस्कर सुंद यांनी १९३५ मध्ये कॉड माशांच्या थव्यांचे प्रतिध्वनी-आलेख प्रसिद्ध केले. १९४८ मध्ये जपानच्या फुरुनो बंधूंनी मच्छीमारांसाठी व्यवहारोपयोगी फिश फाइंडर तयार केले.

पडदा म्हणजे छायाचित्र नव्हे

नवशिक्याची सर्वांत मोठी गफलत येथे होते. पडद्यावर दिसते ते पाण्याखालचे चित्र नसून प्रतिध्वनींची नोंदवही असते. उजव्या कडेची रेघ म्हणजे या क्षणी परतलेला प्रतिध्वनी, तर डावीकडे सरकत गेलेला भाग म्हणजे होऊन गेलेला काळ. नौका स्थिर असताना तळातील एकच दगड सलग आडवी रेघ उमटवत राहतो. ती रेघ पाहून तळ सपाट असल्याचा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरते.

माशाची खूण म्हणून ओळखली जाणारी कमान हीदेखील गतीची निर्मिती आहे. ध्वनी शंकूच्या आकारात खाली जातो. मासा शंकूच्या कडेला असताना त्याचे यंत्रापासूनचे अंतर जास्त असते, मध्यभागी ते कमी होते आणि बाहेर पडताना पुन्हा वाढते. म्हणून कमान उमटते. नौका आणि मासा दोन्ही स्थिर असतील तर कमानीऐवजी सरळ रेघ दिसते. कमानीची लांबी ही मासा शंकूत किती वेळ होता हे सांगते. त्यावरून माशाची लांबी ठरवता येत नाही.

माशाकडून परतणाऱ्या प्रतिध्वनीत मोठा वाटा त्याच्या शरीरातील वाताशयाचा, म्हणजे हवेच्या पिशवीचा असतो. हवा आणि पाणी यांच्या सीमेवरून ध्वनी जोरदार परावर्तित होतो. त्यामुळेच पाण्यातील बुडबुडे, कुजणाऱ्या गाळातून निघणारा वायू आणि इंजिनाच्या पंख्याने उठवलेला फेसही पडद्यावर माशासारखा भासतो. अनेक यंत्रांत माशाचे चित्र दाखवणारी सोय असते. ती प्रत्येक ठळक प्रतिध्वनीला मासा ठरवते, म्हणून शिकताना ती बंद ठेवणेच श्रेयस्कर.

बर्फावरील धडा

गोठलेल्या तलावावर ‘फ्लॅशर’ नावाचे गोल तबकडीचे यंत्र लोकप्रिय आहे. त्यावर मागील काळाची नोंद राहत नाही. त्या क्षणाचे प्रतिध्वनी तेवढे रंगीत प्रकाशरेषांच्या रूपाने चमकतात. छिद्रात ट्रान्सड्यूसर अगदी सरळ खाली पाहील असा टांगला जातो. मासेमार आपले आमिष वरखाली करतो आणि तबकडीवर कोणती रेषा हलते ते पाहतो. हलणारी रेषा आमिषाची. तिच्या दिशेने सरकणारी दुसरी रेषा बहुधा माशाची.

आपल्या हातातील वस्तूपासून सुरुवात करून अज्ञात खुणेकडे जाण्याची ही पद्धत बर्फाशिवायही उपयोगी आहे. गंगा काशीत गोठत नाही. घाटाला बांधलेली नाव मात्र बर्फावरील माणसासारखीच एका जागी स्थिर असते. दोरीला लोखंडी नट बांधून तो ट्रान्सड्यूसरच्या नेमका खाली सोडावा, एकेक मीटरवर थांबवावा आणि पडद्यावर त्याची खूण कोठे उमटते ते पाहावे. याच वेळी दोरीने मोजलेली खोली आणि यंत्राने दाखवलेली खोली यांचा मेळही घालता येतो.

त्यानंतर संवेदनक्षमता जुळवावी. पडदा ठिपक्यांनी भरेपर्यंत ती वाढवावी आणि ठिपके विरळ होईपर्यंत हळूहळू कमी करावी. नदीसारख्या उथळ पाण्यात २०० किलोहर्ट्झच्या आसपासची वारंवारता योग्य ठरते, कारण तिची तरंगलांबी सुमारे साडेसात मिलिमीटर असल्याने बारीक तपशील उमटतो. ५० किलोहर्ट्झचा ध्वनी खोल समुद्रात दूरवर पोहोचतो, परंतु त्याची तरंगलांबी सुमारे तीन सेंटिमीटर असते आणि तपशील ढोबळ राहतो.

रामघाटाचा तळ

रामघाट हा काशीच्या मराठी वस्तीशी जवळचे नाते असलेल्या घाटांच्या पट्ट्यात येतो. नागपूरकर भोसल्यांचा घाट, अमृतराव पेशव्यांच्या नावाशी जोडलेला गणेश घाट आणि पंचगंगा घाट याच ओळीत आहेत. वेदाध्ययनासाठी प्रसिद्ध असलेले सांगवेद विद्यालयही याच परिसरात आहे.

काशीत गंगा उत्तरवाहिनी होऊन वळण घेते. शहर या वळणाच्या बाहेरच्या, पश्चिम काठावर वसले आहे. बाहेरच्या काठाकडे प्रवाहाचा जोर अधिक असल्याने खोल पात्र घाटांच्या बाजूला राहते, तर समोरच्या पूर्व काठावर वाळू साचते. परिणामी घाटाच्या पायऱ्यांपुढे तळ लवकर खोल होतो आणि पैलतीराकडे तो हलके हलके वर येतो.

हा उतारच यंत्राला चकवतो. ट्रान्सड्यूसरचा शंकू २० अंशांचा असेल तर ९ मीटर खोलीवर त्याच्या वर्तुळाचा व्यास सुमारे ३ मीटर होतो. उतारावर या वर्तुळातील सर्वांत जवळच्या बिंदूचा प्रतिध्वनी प्रथम परततो आणि यंत्र तीच खोली समजते. नावेच्या नेमके खाली पाणी त्याहून खोल असू शकते. उताराला लगटून राहिलेला मासा तळाच्या जाड रेघेत लपून जातो. म्हणून घाटालगत शिकणाऱ्याने काठाला समांतर जाण्यापेक्षा काठापासून आत सरळ जात तळाचा उतार आधी समजून घ्यावा.

तळाचा पोतही वाचता येतो. कठीण तळ ठळक, पातळ रेघ देतो. अनेकदा ध्वनी पृष्ठभाग आणि तळ यांत पुन्हा फेरी मारून दुप्पट खोलीवर दुसरी रेघ उमटवतो. मऊ गाळावर रेघ जाड आणि फिकी होते, दुसरी रेघ दिसत नाही. पावसाळ्यात गढूळ पाणी, वाहून येणारा पाला, कचरा आणि निर्माल्य यांमुळे पडदा गजबजतो. त्या काळातील खुणांवर विसंबणे धोक्याचे असते.

खोलीचा आकडा त्या दिवसाच्या पातळीशी बांधलेला असतो, हेही विसरून चालत नाही. वाराणसीत गंगेची इशारा पातळी ७०.२६२ मीटर आणि धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर आहे. १९७८ च्या महापुरात पाणी ७३.९०१ मीटरपर्यंत चढले होते. उन्हाळ्यातील आणि पुरातील पातळ्यांमध्ये १० मीटरहून अधिक अंतर पडू शकते. त्यामुळे मागील हंगामात टिपलेली खोली पुढील हंगामात जशीच्या तशी वापरता येत नाही. हल्दिया ते प्रयागराज हा १६२० किलोमीटरचा राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक १ याच पात्रातून जातो. त्याच्या सर्वेक्षणातही मोजलेली खोली पाण्याच्या पातळीशी जोडूनच नोंदवावी लागते.

त्याच पाण्यातील दुसरा श्रोता

गंगेत माणसाच्या कितीतरी आधीपासून प्रतिध्वनीने मासे शोधणारा एक प्राणी आहे. गांगेय डॉल्फिन, स्थानिक भाषेत सूंस, जवळजवळ आंधळा असतो. त्याच्या डोळ्यात भिंग नसते. तो साधारण ६० किलोहर्ट्झच्या आसपासचे टिकटिक नाद सोडतो आणि त्यांच्या प्रतिध्वनीवरून गढूळ पाण्यात वाट आणि भक्ष्य शोधतो. ५० किलोहर्ट्झवर चालणारे यंत्र त्याच्या नादाच्या जवळच्या वारंवारतेवर ध्वनी सोडते. नदीत २०० किलोहर्ट्झची निवड करण्यामागे हेही एक सबळ कारण आहे.

सूंस हा २००९ पासून भारताचा राष्ट्रीय जलचर आहे आणि वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्याला स्थान आहे. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशातील पहिल्या नदी-डॉल्फिन गणनेत एकूण ६,३२७ डॉल्फिनची नोंद झाली. त्यांपैकी सर्वाधिक, २,३९७, उत्तर प्रदेशात आढळले. नायलॉनच्या जाळ्यात अडकून गुदमरणे हे त्यांच्या मृत्यूचे एक प्रमुख कारण आहे. हा सस्तन प्राणी श्वासासाठी वारंवार वर येतो, आणि जाळ्यात अडकल्यावर तो वर येऊ शकत नाही.

येथे यंत्राची मर्यादा गंभीर रूप घेते. सूंस आणि मोठा मासा दोघेही पडद्यावर ठळक खूण उमटवतात आणि त्यांच्यातील भेद यंत्र खात्रीने सांगत नाही. शिवाय ज्या जागी मासे दाट दिसतात, तेथेच सूंस येण्याची शक्यता अधिक असते. म्हणून पडद्यावर मोठी खूण दिसताच जाळे टाकण्याऐवजी इंजिन मंद करून काही मिनिटे पाण्याच्या पृष्ठभागाकडे पाहणे हा शिक्षणाचाच भाग मानला पाहिजे. सूंस दिसला तर त्या जागी जाळे टाकू नये.

आणखी एक मर्यादा नदीची आहे. एकेकाळी समुद्रातून गंगेत वरपर्यंत चढणारा हिलसा १९७५ मध्ये फरक्का बंधारा कार्यान्वित झाल्यानंतर वरच्या प्रवाहात दुर्मीळ झाला. बराकपूर येथील केंद्रीय अंतर्देशीय मत्स्य संशोधन संस्था गंगेत रोहू, कटला, मृगळ यांसारख्या देशी माशांची बोटुकली सोडत आहे. फिश फाइंडरमुळे मासे सापडण्याचे प्रमाण वाढते, माशांची संख्या वाढत नाही. प्रजननकाळात मासेमारीवर असलेले निर्बंध यंत्र बाळगणाऱ्यालाही तितकेच लागू असतात.

थोडक्यात, फिश फाइंडर शिकण्याचा क्रम असा : प्रथम दोरीने खोली ताडून पाहणे, मग आपल्या टांगलेल्या वस्तूची खूण ओळखणे, त्यानंतर तळ आणि त्याचा उतार वाचणे, आणि सर्वांत शेवटी मासा. हा क्रम पाळणाऱ्याला यंत्र उपयोगी पडते. तो उलटा करणाऱ्याला बुडबुडेही मासे वाटतात, आणि कधी सूंसही.