परमुलखाची पोरकी मुले

पोरक्या मुलास अन्न, वस्त्र आणि निवारा द्यावा, याविषयी कोणत्याही धर्मात मतभेद नाही. परंतु ते मूल परक्या देशाचे, परक्या भाषेचे व निराळ्या उपासनेचे असले म्हणजे उपकारकर्त्यापुढे एक नवा प्रश्न उभा राहतो. त्यास आपल्यासारखे करून वाढवावयाचे, की त्याचे जे आहे ते राखून वाढवावयाचे? आमच्या मालवण किनाऱ्यावरून घाट चढून गेले की लागणाऱ्या कोल्हापूर प्रांतात या प्रश्नाचे एक उत्तर प्रत्यक्ष घडले आहे. त्याची हकीकत वाचकांपुढे मांडण्याचा आमचा विचार आहे.

समुद्र ओलांडून सहकुटुंब सेवेस येणारी माणसे या किनाऱ्यास अपरिचित नाहीत. अमेरिकेतील प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉक्टर गोहीन यांनी वेंगुर्ल्यास रुग्णसेवा केली. १९१९ साली वेंगुर्ल्यातच जन्मलेले त्यांचे चिरंजीव रॉबर्ट पुढे प्रिन्स्टन विद्यापीठाचे अध्यक्ष झाले, आणि १९७७ ते १९८० या काळात अमेरिकेचे राजदूत म्हणून पुन्हा हिंदुस्थानात आले. मिशनांच्या औषधाचा गुण लोकांनी कृतज्ञतेने मानला. तथापि औषधाबरोबर धर्मही येईल, ही शंका लोकांच्या मनातून कधी पुरती गेली नाही. ही शंका ध्यानी ठेवली म्हणजे पुढील हकीकतीचे मोल अधिक कळेल.

१९३९ च्या सप्टेंबरात जर्मनीने पश्चिमेकडून व रशियाने पूर्वेकडून पोलंड गिळला. १९४० पासून पूर्व पोलंडातील लक्षावधी लोकांस रशियाने सैबेरिया व कझाकस्तान येथे नेऊन टाकले. थंडी, उपासमार आणि ताप यांनी आईबाप गेले व मुले उरली. १९४१ च्या जुलैत रशियाचा पोलिश सरकारशी करार झाला, तेव्हा कोठे या लोकांस सुटकेची वाट मिळाली. त्या वेळी मुंबईत यूजेनियुश बनासिन्स्की हे पोलंडचे कॉन्सल होते. त्यांच्या पत्नी कीरा यांनी पोलिश रेडक्रॉसचे काम अंगावर घेतले. मदतीचे सामान भरलेल्या मोटारलॉऱ्या मुंबईहून पाठविण्यात आल्या; इराणातून त्या रशियाच्या हद्दीतील अश्गाबादेस पोहोचल्या आणि परतताना त्यांतून पोरकी मुले आली. मुलांबरोबर आलेल्या मंडळींत हांका ऑर्डोनूव्ना ही पोलंडची नामांकित गायिका होती. स्वतः क्षयाने पोखरलेली ही बाई मुलांची आई होऊन मुंबईपर्यंत आली, आणि पुढे त्यांच्यावर तिने एक पुस्तकही लिहिले.

१९४२ साली ही मुले प्रथम वांद्र्यास उतरली. तेथून नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी समुद्रकाठच्या बालाचडी येथे त्यांची व्यवस्था केली. हिंदुस्थान त्या वेळी स्वतःच पारतंत्र्यात होता, आणि महागाईने व युद्धाने गांजलेला होता. पुढच्या वर्षी कोल्हापूरजवळ वळिवडे येथे मोठी छावणी वसली व तिच्यात सुमारे पाच हजार पोलिश माणसे राहिली. त्यांत बायका व मुलेच बहुसंख्य. पंचगंगेच्या खोऱ्यात पोलिश शाळा भरू लागल्या, प्रार्थनामंदिर उभे राहिले, नाटके झाली, बालवीरांची पथके निघाली. मुले बाजारहाटापुरती मराठी शिकली. पण त्यांचा इतिहास, भूगोल व कविता पोलंडच्याच राहिल्या. कोणी त्यांस मराठी किंवा हिंदू करावयास गेले नाही. आश्रय देणाऱ्याने आपली छाप पाडण्याचा मोह आवरला, हेच आम्हांस या हकीकतीत सर्वांत मोठे वाटते.

खरी कसोटी युद्ध संपल्यावर लागली. पोलंडात रशियाच्या पंखाखालचे सरकार आले आणि मुले परत पाठविण्याची मागणी होऊ लागली. ज्यांचे आईबाप रशियाच्या छावण्यांत मेले, त्यांस त्याच सत्तेच्या छायेत धाडावयाचे काय? पोरक्या मुलाच्या वतीने नकार देण्यास कायद्याने कोणी पालक लागतो. तेव्हा जामसाहेब, छावणीचे प्रमुख पाद्री फ्रांचिशेक प्लूता आणि ब्रिटिश अधिकारी जेफ्री क्लार्क या तिघांनी मिळून बालाचडीच्या मुलांस कायदेशीर दत्तक घेतले. मुलास आपले नाव व घराणे द्यावे, म्हणजे आपला वंश चालेल, हा आपल्याकडील दत्तकाचा परंपरागत हेतू. येथे दत्तक झाले ते मुलास स्वतःची वाट निवडण्याची मोकळीक राहावी एवढ्यासाठी. दत्तकाचा इतका निःस्वार्थ उपयोग आमच्या तरी वाचनात दुसरा नाही.

१९४६ साली बालाचडीची छावणी मोडली व तेथील उरलेली मुले वळिवड्यास आली. १९४८ पर्यंत तीही पांगली. कोणी इंग्लंडास, कोणी अमेरिकेस, कोणी ऑस्ट्रेलियास गेली, तर काही मायदेशी परतली. त्यांच्यातील काहींच्या समाध्या मात्र कोल्हापुरातच राहिल्या. वळिवड्याच्या रिकाम्या बराकींत लवकरच फाळणीने घरदार गमावलेले सिंधी बांधव येऊन राहिले व तेथे गांधीनगर वसले. वॉर्सा शहरात जामसाहेबांच्या नावाचा चौक आहे, कोल्हापूरचे स्मारकही आहे. इकडे वळिवड्यास २०१९ साली स्मृतिस्तंभ उभारण्यात आला. पांगलेली मुले म्हातारपणी येथे आली ती ऋण फेडावयास नव्हे, आपले बालपण पाहावयास. ज्या उपकाराचे ओझे घेणाऱ्याच्या मानेवर राहत नाही, तोच उपकार पुरा झाला असे आम्ही समजतो. आणि या कसोटीस उतरेल असे एक उदाहरण सह्याद्रीच्या माथ्यावर, आपल्या इतके जवळ घडून गेले, याचा कोकणच्या वाचकांसही अभिमान वाटावा.