स्पॉन (व्हिडिओ गेम व संगणन)

स्पॉन : व्हिडिओ गेममध्ये खेळाडू, शत्रू किंवा वस्तू चालू खेळात अवतरणे; तसेच संगणनात चालू प्रोग्रॅमने नवी प्रक्रिया सुरू करणे. मेलेला खेळाडू पुन्हा अवतरला की तो रीस्पॉन आणि अवतरण्याची जागा म्हणजे स्पॉन पॉइंट. कोण, कुठे, केव्हा आणि किती वेळा अवतरेल हे सोर्स कोडमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमरने हाताने लिहिलेल्या मूळ संहितेत, ठरलेले असते. ग्राहकाच्या हाती येते ते तिचे यंत्रभाषेतील रूप. त्यामुळे एखादा गेम खेळाडूशी न्यायाने वागतो की नाही, हे बाहेरून नुसते ताडावे लागते.

याला ठळक अपवाद म्हणजे अमेरिकेतील इड सॉफ्टवेअर या कंपनीचा ‘डूम’ (१९९३). त्याचे प्रोग्रॅमर जॉन कारमॅक यांनी २३ डिसेंबर १९९७ रोजी त्याचा सोर्स कोड खुला केला. ध्वनीचा भाग दुसऱ्याच्या मालकीचा असल्याने तेवढा वगळला. या कोडानुसार नकाशातील प्रत्येक ‘वस्तू’ला क्रमांक असतो : १ ते ४ म्हणजे खेळाडूंच्या आरंभाच्या जागा, ११ म्हणजे आपापसांतील लढतीची जागा. सर्वांत अवघड ‘नाइटमेअर’ पातळीवर मारलेले राक्षस पुन्हा उठतात. ते कसे, हे वाचण्यासारखे आहे. गेमचे घड्याळ सेकंदाला ३५ ठोके देते. राक्षस मेल्यावर किमान १२ सेकंद जावे लागतात. मग दर ३२ ठोक्यांनी एकदा जणू फासा पडतो आणि त्याच्या २५६ पैकी ५ निकालांवरच राक्षस उठतो. त्याच्या मूळ जागी कोणी उभे असेल, तर त्या वेळी तो उठत नाही. खेळाडूच्या बाबतीत मात्र कोड इतका शिस्तीचा नाही. लढतीत वीस वेळा यादृच्छिक जागा तपासायची, एकही मोकळी सापडली नाही तर नेहमीच्या आरंभस्थानी ढकलून द्यायचे. आणि तेथे तो बहुधा अडकेल, अशी कबुली प्रोग्रॅमरने शेऱ्यातच देऊन ठेवली आहे! असा प्रांजळपणा जाहिरातीत कधी सापडायचा नाही.

प्रतिस्पर्धी अवतरताच त्याला टिपण्यासाठी स्पॉन पॉइंटवर दबा धरून बसणे, याला स्पॉन कॅम्पिंग म्हणतात. त्यावर उतारा म्हणून अनेक गेम नव्याने आलेल्याला काही सेकंद अभय देतात. ‘पबजी’च्या मूळ रचनेत हा प्रश्न वेगळ्या रीतीने सुटतो : सर्वजण आधी एका बेटावर जमतात, मग विमानातून उडी मारून जागा स्वतः निवडतात. गटातील जखमी गड्याला साथीदार सावरू शकतो, त्याला रिव्हाइव म्हणतात. तो रीस्पॉन नव्हे.

कोड अंशतः वाचता येण्याचे उदाहरणही आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या कंपनीचा ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ (२०२०) ‘अनरिअल इंजिन ४’ या तयार गेम-इंजिनावर बांधला आहे. या इंजिनाचा सोर्स कोड नोंदणी केलेल्या विकसकाला वाचता येतो. त्यावर बांधलेल्या गेमचा कोड मात्र ज्याचा त्याचा. इंजिनातील ‘स्पॉनॲक्टर’ हे फंक्शन पात्राचा प्रकार, जागा आणि दिशा घेते. जागा व्यापलेली असेल तर काय, हा डूममध्ये अर्धवट राहिलेला प्रश्न येथे विकसकालाच विचारला जातो : तरीही अवतरू द्यायचे, थोडे सरकवायचे, की बेत रद्द करायचा. मोबाइलवर स्पॉन करताना एक काटकसरही चालते. गोळ्यांसारख्या शेकडो वस्तू दरवेळी नव्याने घडवण्याऐवजी आधीच तयार करून लपवून ठेवतात आणि पुनःपुन्हा वापरतात.

गेमबाहेर युनिक्समध्ये ‘फोर्क’ हा आदेश चालू प्रक्रियेची नक्कल काढतो आणि ‘एक्झेक’ त्या नकलेत दुसरा प्रोग्रॅम भरतो. ‘पॉझिक्स स्पॉन’ ही दोन्ही कामे एका दमात करते. विंडोजमध्ये नक्कल नाही, थेट नवी प्रक्रिया उघडते. म्हणून पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या ‘मल्टिप्रोसेसिंग’ला विंडोजवर ‘स्पॉन’ हीच पद्धत वापरावी लागते. प्रक्रिया स्वतःच्याच नकला काढत सुटली, तर तो फोर्क बॉम्ब. वापरकर्त्यामागे प्रक्रियांची मर्यादा आधीच घातलेली नसेल, तर यंत्र गुदमरते. याउलट संपलेल्या अपत्य-प्रक्रियेची जनकाने दखल घेतली नाही, तर तिची नोंद प्रक्रियातक्त्यात तशीच राहते. तिला ‘झाँबी’ म्हणतात. ती आधीच संपलेली असल्याने ‘किल’ आदेशाचा तिच्यावर काही परिणाम होत नाही. जनकाने दखल घेतली किंवा तो स्वतःच संपला, तरच ती नोंद पुसली जाते.