पंपापर्यंत पोचलेले व्होल्ट

फोर्डच्या मॉडेल टी गाडीला पेट्रोल पंपच नव्हता! १९०८ ते १९२७ ह्या काळात ह्या गाड्या दीड कोटींच्या घरात बनल्या, पण पेट्रोल कार्ब्युरेटरपर्यंत जायचं ते नुसत्या उताराने, गच्चीवरच्या टाकीतलं पाणी नळाला येतं तसं. टाकी सीटखाली. ती रिकामी होत आली आणि चढ लागला, की कार्ब्युरेटर टाकीच्या वर जायचा आणि गाडी बंद. मग लोक गाडी वळवून रिव्हर्समध्ये चढ चढायचे. काय बिघडलंय हे सांगायला मेकॅनिक लागत नव्हता.

पुढे इंजिनच्याच कॅमशाफ्टने हलणारा डायफ्रॅमचा पंप आला. तो घरातल्या थोरल्यांना आठवत असेल. मे महिन्यात घाट चढताना पंप तापायचा, आतल्या पेट्रोलची वाफ व्हायची आणि गाडी बसायची. मग बॉनेट उघडायचं, पंपावर ओलं फडकं टाकायचं आणि तो निवेपर्यंत थांबायचं. हाही बिघाड हाताला कळणारा.

१९६७ साली फोक्सवॅगनच्या १६०० गाडीवर बॉशची डी-जेट्रॉनिक ही इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनची पद्धत आली. तिला साधारण २ बार दाब लागायचा, म्हणून विजेचा पंप आला. आपल्याकडे २०००च्या सुमारास प्रदूषणाचे नियम कडक झाले, कार्ब्युरेटर गेले, एमपीएफआय आलं आणि पंप जाऊन बसला थेट टाकीत. आता तो दिसतही नाही आणि हाताला लागतही नाही. मला ह्या इतिहासातलं खरं वळण इथे वाटतं. बिघाड आता बघायचा नसून मोजायचा झाला.

आणि मोजायचा तरी कसा? आमच्या एका नातेवाइकांची गाडी सिग्नलला ठीक चालायची आणि चढावर दम सोडायची. एका गॅरेजात दोनदा पंप बदलला, दुखणं तिथेच. पंपाची पिन काढून मीटर लावला की पूर्ण १२ व्होल्ट! पण पिन काढली की प्रवाहच नाही, आणि प्रवाह नाही तर घट कुठून दिसणार? पंप चालू ठेवून बॅटरीच्या ऋण टोकापासून पंपाच्या अर्थिंगपर्यंत मीटर लावला, तेव्हा चोर सापडला. टाकीजवळचा अर्थिंगचा बोल्ट गंजला होता.

हिशोब सोपा आहे. समजा पंप ७ अँपिअर ओढतो आणि गंजाचा विरोध ०.४ ओहम. म्हणजे २.८ व्होल्ट वाटेतच संपले. इंजिन चालू असताना १४ निघाले, तर पंपाला ११.२ मिळाले. मोटर मंदावते, पेट्रोल कमी येतं. इंजिन मंद चालताना तेवढं पुरतं, म्हणून दाबही ठीक दिसतो. चढावर मागणी वाढली की दाब कोसळतो.

हा हिशोब आपल्याला दिला गेओर्ग ओहमने. कुलूपं बनवणाऱ्याचा मुलगा, कोलोनच्या शाळेत मास्तर. गंमत म्हणजे त्याचीही अडचण हीच होती. त्या काळच्या बॅटऱ्या, सर्किट जोडलं की स्थिर राहीनात, त्यामुळे आकडे जुळेनात. पोगेनडॉर्फने त्याला थर्मोकपल वापरायला सुचवलं. एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात! त्या स्थिर उगमाच्या जोरावर त्याने नियम बसवला आणि १८२७ साली पुस्तक काढलं. मायदेशात त्याचं फारसं स्वागत झालं नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीने कोपली पदक दिलं ते १८४१ साली.

नवा पंप हजारोंच्या घरात जातो आणि गंजलेला बोल्ट घासायला लागतो पॉलिश पेपरचा एक तुकडा. मधला फरक कोण सोसतं? ज्याला मीटर कुठे लावायचा ते माहीत नाही, असा गाडीमालक. म्हणून मंडळी, गॅरेजात पंप बदलायचा असं म्हणाले, तर एकच विचारा : "पंप चालू असताना व्होल्ट मोजलेत का?"