फर्दापूरची सराई आणि बेगमपेठची काच

अजिंठ्याच्या घाटाखाली, जुन्या खानदेशच्या सरहद्दीनजीक वसलेल्या फर्दापूरची ख्याती औरंगजेबकालीन सराईमुळे व जवळच्या लेण्यांमुळे झाली; परंतु नकला उतरविणाऱ्यांचे बिऱ्हाड म्हणूनही या गावाची दप्तरी नोंद झाली पाहिजे. १९०९ ते १९११ च्या दरम्यान इंग्रज चित्रकर्ती लेडी हेरिंगहॅम यांनी येथे तळ दिला, आणि नंदलाल बोस, असितकुमार हलदार, वेंकटप्पा व हैदराबादचे सय्यद अहमद यांनी लेण्यांतील मंद उजेडात तेथील भित्तिचित्रे रेषा न् रेषा कागदावर उतरविली.

त्याच सुमारास, फर्दापूर ज्या निजामाच्या रियासतीत होते त्याच रियासतीत, आकाशाच्या नकलेचीही सिद्धता चालली होती. नवाब जफर जंग या हौशी उमरावाने १९०१ साली स्वखर्चाने वेधशाळेचा संकल्प सोडून ग्रबची १५ इंची दुर्बीण व कुकची ८ इंची छायाचित्रण-दुर्बीण विलायतेहून मागविली. १९०७ साली त्यांचे निधन झाल्यावर सरकारने वेधशाळा ताब्यात घेतली आणि पुढे ती हैदराबादेतील बेगमपेठेस नेली. पॅरिस येथे १८८७ साली ठरलेल्या सर्व-आकाश-छायाचित्रणातील दक्षिणेचा १७ ते २३ अंश क्रांतीचा, व नंतर उत्तरेचा ३६ ते ३९ अंशांचा पट्टा तिच्या वाट्यास आला. देवयानीची सर्पिल दीर्घिका उत्तर क्रांतीच्या ४१ अंशांवर आहे. इतक्या थोडक्या अंतराने ती निसटली, याची मला आजही रुखरुख वाटते.

त्या दीर्घिकेचे सर्पिल रूप छायाचित्रणाच्या काचेवर प्रथम आणले तेही एका हौशी माणसानेच. आयझॅक रॉबर्ट्स या वेल्श बांधकाम-व्यावसायिकाने १८८८ च्या डिसेंबरात ग्रबच्या २० इंची परावर्तक दुर्बिणीने सुमारे ४ तास प्रकाश घेतला. यंत्राची चाल ढळू नये म्हणून मार्गदर्शक ताऱ्यावर डोळा रोखून एवढा वेळ बसणे ही साधनाच होती. रॉबर्ट्सना त्या चित्रात घडत असलेली सूर्यमाला दिसली. ते स्वतंत्र ताराविश्व आहे, हे खगोलशास्त्रज्ञ हबलच्या वेधांनी १९२० नंतरच्या काळात सिद्ध झाले. पुण्याच्या महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेत कावसजी नायगमवाला यांच्यापाशीही ग्रबची २० इंची दुर्बीण होती. परंतु त्यांचा ओढा वर्णपटांकडे होता, आणि १९१२ साली वेधशाळा बंद होऊन ती सामग्री कोडाईकनालला गेली.

आता हौशी छायाचित्रकार लहान दुर्बिणीतून अनेक अल्प मुदतीची चित्रे घेऊन संगणकावर एकत्र रचतो, आणि देवयानीच्या दीर्घिकेतून २५ लक्ष वर्षांपूर्वी निघालेला प्रकाश त्याच्या हाती येतो. मात्र त्यास निबिड काळोख लागतो. अजिंठ्याचे रंग जपण्यासाठी लेण्यांत झगझगीत दिव्यांना मज्जाव आहे. तसाच बंदोबस्त फर्दापूरच्या रस्त्यावरील दिव्यांचा, निदान अमावास्येच्या आगेमागे, व्हावा अशी माझी आग्रहाची मागणी आहे.