बरस, कोड आणि थायरॉइड

कोडाची तीन कारणं शिराळ्यात मी लहानपणापासून ऐकत आलो: मासे खाऊन वर दूध प्यायलं, कुणीतरी नाग मारला, नाहीतर घराण्यातच आहे. नागपंचमीचं गाव म्हटल्यावर दुसरं कारण चालणारच. मुसलमानांच्या घरात नागाचं कारण चालत नाही, पण मासे-दुधाचं बिनदिक्कत चालतं. आणि लग्नाची मुलगी असली की तिसरं.

आमच्याकडे जुनी माणसं कोडाला 'बरस' म्हणत. शब्द अरबी. हजरत ईसा यांनी बरे केलेल्यांत कुरआन 'अबरस'चा उल्लेख करतं, आणि भाषांतरांत त्याचा बऱ्याचदा 'कुष्ठरोगी' होतो. वास्तविक महारोगाला अरबीत 'जुझाम' हा वेगळा शब्द आहे. मराठीतही 'पांढरं कुष्ठ' म्हणून हाच घोळ. कोड संसर्गजन्य नाही, तरी महारोगाची भीती त्याला चिकटली.

सहीह मुस्लिममध्ये येमेनच्या उवैस करनींची हदीस आहे. त्यांचा बरस बरा झाला होता, दिरहमएवढा एक डाग राहिला होता. ते भेटले तर त्यांच्याकडून स्वतःसाठी दुआ मागून घ्या, असं पैगंबरांनी हजरत उमर यांना सांगितलं. ओळखायची खूण तोच डाग! सोयरीक मोडताना ही हदीस कुणाला आठवत नाही.

युनानी हकीम बरस कातडीपुरता मानत नसत. खाल्लेल्या अन्नाचं शरीरात रूपांतर करणारी शक्ती मंदावली, कफ वाढला, असं त्यांचं निदान. १२४८ मध्ये दमास्कसला वारलेल्या इब्न अल-बैतारने 'आत्रिलाल' नावाच्या वनस्पतीचं बी देऊन रोग्याला उन्हात बसवण्याचा उपाय नोंदवला. १९४० च्या दशकात कैरोचे डॉ. अल-मुफ्ती यांनी त्याच वनस्पतीतला सोरालेन वापरून पाहिला. आपल्या बावचीतही सोरालेनच असतं. (बावचीचं तेल लावून उन्हात बसू नका, फोड येतात.)

आज कळतं ते असं: शरीराची संरक्षणव्यवस्थाच रंग तयार करणाऱ्या पेशींवर उलटते. अशाच हल्ल्यातून होणारे थायरॉइडचे विकार कोड असणाऱ्यांत जास्त आढळतात, लहानपणी होणारा मधुमेहही. इन्शुलिनला शरीराने दाद न देणं, वाढलेली चरबी, रक्तदाब यांच्याशीही संबंध काही अभ्यासांत दिसला, काहींत नाही. म्हणून कोडामुळे साखर वाढते, असं म्हणता येत नाही. हकिमांना हे सगळं आधीच माहीत होतं, असंही कुणी म्हणू नये. त्यांचा कफ वेगळा.

माझ्या चुलत बहिणीच्या हातावर अकरा वर्षं लेप लागले. ती थकायची, वजन वाढायचं, केस गळायचे. 'लग्नाचं टेन्शन' म्हणून घरच्यांनी सोडून दिलं. थायरॉइडची साधी रक्ततपासणी झाली तेव्हा ती तिशीत होती. गोळी सुरू झाली, थकवा गेला. डाग आहेत तिथेच आहेत.

पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांनी स्वतःचं कोड न लपवता 'श्वेता असोसिएशन' उभी केली. सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांचा 'नितळ' (२००६) याच विषयावरचा. आपा तो मोबाइलवर पाहते, आणि मासे खाल्ल्यावर दूधही पिते.