पायांमधलं अंतर आणि पंचांची नजर

खराडी 1997 साली पुणे महापालिकेत आली. तोवर मुळा-मुठेच्या काठचं ते शेतीचं गाव होतं. आज तिथे इऑन आयटी पार्कच्या काचेच्या इमारती आहेत, आणि त्यांतून संध्याकाळी बाहेर पडणारी तरुण मंडळी आसपासच्या जिममध्ये लोखंडाशी झटताना दिसतात. या जिमांमध्ये एक वाद हमखास ऐकू येतो. कुणी पाय खांद्याइतके फाकवून, हात पायांच्या बाहेरून घालून बार उचलतो. ही कन्व्हेन्शनल डेडलिफ्ट. दुसरा पाय थेट प्लेटांजवळ नेतो, हात गुडघ्यांच्या आत सोडतो आणि कंबर फारशी न वाकवता उठतो; ही सुमो. मग पहिला म्हणतो, "ही चीटिंग आहे." बार कमी उंच न्यावा लागतो, मग वजन जास्त गेलं यात कौतुक कसलं, असा त्याचा सवाल.

सवाल रास्त आहे. तो पुणे जिल्ह्याला तसा जुनाच आहे, फक्त इथे पूर्वी बारच्या जागी दुसरं काहीतरी असे.

खराडीहून हडपसर, दिवे घाट, सासवड असं गेलं की जेजुरी येते. खंडोबाच्या गडावर 42 किलोंचा खंडा आहे. पेशवाईच्या काळात पानसे सरदारांनी तो देवाला वाहिला. दसऱ्याचा पालखी सोहळा रात्रभर चालतो आणि त्यानंतर गडावर खंड्याची स्पर्धा लागते. एका प्रकारात खंडा एका हातात आडवा तोलून जास्तीत जास्त वेळ धरायचा. दुसऱ्यात तो दातांत धरून उचलायचा आणि कसरती करायच्या. वजन तेच, खंडा तोच, पण बक्षिसं वेगळी. दातांनी उचलणाऱ्याला हाताने तोलणाऱ्यासमोर उभं करायचं कुणाच्या मनात येत नाही, कारण तिथे काय मोजायचं ते आधीच ठरलेलं आहे: एकीकडे खांद्याचा आणि मनगटाचा दम, दुसरीकडे जबडा आणि मान.

खेड शिवापूरच्या कमरअली दरवेश दर्ग्यातला दगड याच्या उलट टोकाचा. अकरा जणांनी एकेका बोटावर तो उचलायचा असतो. तिथे पद्धत हाच सगळा खेळ, म्हणून चीटिंगचा प्रश्नच उद्भवत नाही.

कुस्तीत मात्र हा प्रश्न चांगलाच पेटला. महाराष्ट्राचा मल्ल लाल मातीत घडला आणि जागतिक कुस्ती गादीवर गेली. साताऱ्याकडच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये फ्लायवेट गटात सहावे आले. मातीवरच्या पैलवानाला गादीवर पाय रोवायला किती वेगळं लागतं, ते तिथे दिसलं. 1952 मध्ये हेलसिंकीत त्यांनी बँटमवेट गटात कांस्यपदक आणलं. राज्यात 1961 पासून महाराष्ट्र केसरीचा किताब दिला जातो. पहिले मानकरी दिनकर दह्यारी. पुढे या स्पर्धेत माती आणि गादी असे दोन विभाग झाले. दोन्हींचे विजेते शेवटी गदेसाठी भिडतात. 2023 च्या नोव्हेंबरात खराडीपासून नगर रस्त्याने थोडं पुढे, फुलगावला सिकंदर शेखने शिवराज राक्षेला हरवून ही गदा घेतली. ही तोड अर्धीमुर्धी आहे. दोन विभागांमुळे दोन्ही परंपरांना वाट मिळते, पण अंतिम लढत कुठल्यातरी एकाच पृष्ठभागावर होणार, म्हणजे एकाला ती परकी वाटणारच. तरी गेली कित्येक वर्षं आखाडे ही व्यवस्था चालवताहेत.

मग डेडलिफ्ट ज्या खेळात येते त्या पॉवरलिफ्टिंगमध्येही सुमो आणि कन्व्हेन्शनल असे दोन विभाग का नसावेत? याचं उत्तर त्या खेळाच्या जन्मात सापडतं.

ऑलिंपिक वेटलिफ्टिंगमध्ये 1972 पर्यंत तीन प्रकार होते: प्रेस, स्नॅच, क्लीन अँड जर्क. प्रेसमध्ये बार खांद्यावरून केवळ हातांच्या जोरावर डोक्यावर न्यायचा. वर्षं जात गेली तसे लिफ्टर मागे इतके कलू लागले की प्रेस उभ्याने मारलेल्या बेंच प्रेससारखा दिसू लागला. किती कललं म्हणजे नियम मोडला हे पंचांना ठरवता येईना. म्युनिक ऑलिंपिकनंतर प्रेसच काढून टाकला. याच सुमारास अमेरिकेत 'ऑड लिफ्ट्स' म्हणून ओळखले जाणारे फुटकळ प्रकार एकत्र येऊन नवा खेळ उभा राहत होता. 1971 मध्ये पेन्सिल्व्हेनियातल्या यॉर्क शहरात पहिली जागतिक पॉवरलिफ्टिंग स्पर्धा झाली आणि पुढच्या वर्षी आंतरराष्ट्रीय पॉवरलिफ्टिंग महासंघ स्थापन झाला. स्क्वॉट, बेंच प्रेस, डेडलिफ्ट ही त्याची त्रयी.

त्यातला डेडलिफ्टचा नियम वाचण्यासारखा आहे. बार दोन्ही हातांनी, हव्या त्या पकडीने धरायचा आणि सरळ उभं राहायचं. गुडघे ताठ, खांदे मागे. मधेच बार खाली येता कामा नये, मांडीवर टेकवून वर ढकलता कामा नये. "डाउन" ऐकू येईपर्यंत थांबायचं. सुरुवातीला पंचांचा इशारासुद्धा नसतो. पाय किती लांब ठेवायचे याबद्दल एक शब्द नाही. बेंच प्रेसमध्ये पकड 81 सेंटिमीटरहून रुंद घेता येत नाही, असं आकड्यात बांधलेलं आहे. डेडलिफ्टच्या पायांना मर्यादा आहे ती फक्त दोन बाजूंच्या प्लेटांची. बारवरच्या आतल्या कॉलरमधलं अंतर साधारण 1.31 मीटर असतं, त्यापलीकडे पाय जाणार कुठे?

म्हणजे हा खेळ सुरुवात मोजत नाही, शेवट मोजतो. लिफ्टर सरळ उभा राहिला की नाही, हे तीन पंचांना उघड दिसतं. प्रेसची गोची इथे नाही.

आता अंतराचा हिशोब. तो खराडीच्या जिममधल्या टीकाकाराच्या बाजूने जातो, हे मान्य करायला हवं. एस्कामिया आणि सहकाऱ्यांनी 2000 साली दोन्ही पद्धतींचं त्रिमितीय विश्लेषण छापलं. कन्व्हेन्शनलमध्ये बारचा उभा प्रवास आणि यांत्रिक कार्य सुमोपेक्षा 25 ते 40 टक्के जास्त आढळलं. एवढ्यावर निकाल लागला असता तर प्रत्येक विक्रम सुमोच्या नावावर दिसला असता. तसं दिसत नाही. अमेरिकेच्या लॅमार गँटने 1985 मध्ये स्वतःच्या वजनाच्या पाचपट, सुमारे 300 किलो उचलले ते कन्व्हेन्शनलने, तेही पाठीचा कणा वाकडा असताना. एड कोनने 1991 मध्ये 100 किलो गटात 901 पौंड, म्हणजे जवळपास 409 किलो, सुमोने उचलले. अँडी बोल्टनने 2006 मध्ये पहिल्यांदा हजार पौंडांची हद्द ओलांडली, पुन्हा कन्व्हेन्शनलने. सुमोत पाठीवरचा भार कमी होतो, पण नितंब आणि मांडीच्या आतल्या स्नायूंवर तो वाढतो. बार जमिनीवरून सुटणं अवघड जातं आणि सुटला की वरचा भाग सोपा. कन्व्हेन्शनलची कहाणी बरोबर उलटी. शिवाय मोठ्या पोटाच्या, जड गटातल्या लिफ्टरला पाय फाकवून खाली बसणं फारसं झेपत नाही. हाडांची ठेवण ज्याची त्याची.

पद्धत नियमाने आवळल्याचं ताजं उदाहरणही आहे. बेंच प्रेसमध्ये पाठीची कमान इतकी ताणली जाऊ लागली की काहींच्या छातीवर बार जेमतेम काही सेंटिमीटर उतरे. त्यावर महासंघाने 2023 च्या जानेवारीपासून नवा नियम आणला: बार छातीला लागताना कोपराची खालची बाजू खांद्याच्या वरच्या पातळीला किंवा त्याखाली यायलाच हवी. हा निर्णय बरोबर होता, कारण हालचालच उरत नव्हती. सुमोत हालचाल उरते. बार जमिनीवरून उठतो, गुडघे आणि कंबर दोन्ही सरळ होतात.

स्ट्राँगमन स्पर्धांनी मात्र सुमोला सरळ मज्जाव केला आहे. एडी हॉलचे 2016 मधले 500 किलो आणि हाफथोर ब्योर्नसनचे 2020 मधले 501 किलो हे त्याच नियमाखाली. पण गंमत अशी की तिथे मनगटाला पट्टे बांधून बार पकडता येतो. पॉवरलिफ्टिंगमध्ये ते चालत नाही. एकाने पायांची सवलत नाकारली, दुसऱ्याने हातांची. शुद्धतेचा दावा दोघांनीही करू नये हे बरं.

सुमो आणि कन्व्हेन्शनलसाठी वेगळे विभाग करण्यात अर्थ नाही. पाय नेमके कुठे ठेवले की सुमो सुरू होते? एड कोनचीच ठेवण कित्येकांच्या सुमोपेक्षा अरुंद होती. ही रेषा आखायला गेलं तर पंचांना पुन्हा प्रेसच्या काळातलं मोजमाप करत बसावं लागेल. खरी असमानता दुसरीकडे आहे. काही संघटनांच्या स्पर्धांत डेडलिफ्टसाठी बारीक, लवचीक बार देतात, जो वाकतो आणि मग प्लेटा जमिनीवरून उशिरा सुटतात. महासंघाचा बार जाड आणि ताठ असतो. दोन्हींवरचे आकडे एकाच यादीत मांडणं हे पायांच्या वादापेक्षा कितीतरी जास्त अन्यायाचं आहे, आणि त्याबद्दल जिममध्ये फारसं कुणी बोलत नाही. खराडीतल्या ज्या मुलाला स्पर्धेला उतरायचं आहे त्याने आधी कुठल्या संघटनेची स्पर्धा आहे आणि बार कोणता मिळणार हे विचारून घ्यावं, मग काही महिने दोन्ही पद्धती करून पाहाव्यात, आणि जिने जास्त वजन उठेल तीच घेऊन मंचावर जावं.