घरातला छोटा रीफ टँक: खाऱ्या पाण्याचं ॲक्वेरियम कसं सांभाळायचं?

क्लाऊनफिश आणि रंगीत कोरल असलेला टँक बघितला की पहिला प्रश्न येतो, "हे आपल्या घरात जमेल का?" जमतं. मी उल्हासनगर कॅम्प ४ मध्ये राहतो आणि हॉलमध्ये दोन फुटी रीफ टँक चालवतो. दगड, वाळू वजा केली तर त्यात साधारण ६० लिटर पाणी आहे. या लेखात आपण तो कसा चालतो, कोणतं यंत्र काय काम करतं, आपल्या भागातली हवा आणि वीज बघता काय तयारी लागते आणि कोणते जीव कायद्याने घरात ठेवता येत नाहीत, हे सगळं बघूया.

रीफ टँक म्हणजे नेमकं काय?

साध्या टँकमध्ये गोडं पाणी आणि मासे असतात. रीफ टँकमध्ये खारं पाणी, सच्छिद्र दगड, मासे आणि कोरल, म्हणजे प्रवाळ असतात. कोरल दिसतं झाडासारखं, पण तो प्राणी आहे. बऱ्याच कोरलच्या शरीरात झूझँथेली नावाचं सूक्ष्म शैवाल राहतं. ते प्रकाशावर अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा कोरलला देतं. पाणी जास्त तापलं की ही जोडी तुटते, शैवाल बाहेर पडतं आणि कोरल पांढरं होतं. यालाच ब्लीचिंग म्हणतात.

समुद्रात तापमान, क्षार आणि लाटा आपोआप सांभाळल्या जातात. घरात त्या प्रत्येक कामासाठी एक यंत्र आणि एक सवय लागते. रीफ टँकचं सगळं तंत्र या एका वाक्यात आहे.

छोटा टँक सोपा असतो का?

नाही, उलट आहे. छोट्या टँकला पैसे आणि जागा कमी लागते, पण चूक पचवायला पाणीही कमी असतं. हिशोबच करून बघा.

समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे ६० लिटरमध्ये २,१०० ग्रॅम. वाफ होते ती फक्त पाण्याची, मीठ टँकमध्येच राहतं. पंखा चालू असताना रोज दीड लिटर पाणी उडालं आणि तुम्ही चार दिवस गावाला गेलात, तर ५४ लिटर पाण्यात तेच २,१०० ग्रॅम मीठ. क्षारता ३५ वरून जवळजवळ ३९ वर जाते. ३०० लिटरच्या टँकमधून तेवढंच ६ लिटर पाणी उडालं तर आकडा ३५.७ च्या आसपास राहतो. तिथे कोरलला फारसं कळणारही नाही.

म्हणून छोट्या टँकला ऑटो टॉप-ऑफ हे यंत्र मी चैन मानत नाही. सेन्सरने पाण्याची पातळी कमी झाल्याचं दाखवलं की छोटा पंप बाजूच्या डब्यातून गोडं पाणी टाकतो. लक्षात ठेवा, उडालेल्या पाण्याच्या जागी गोडं पाणी टाकायचं, खारं नाही. डबा ८-१० लिटरचाच ठेवा. सेन्सर अडकला तर मोठा डबा सगळा टँकमध्ये रिकामा होईल.

पाणी कुठून आणायचं?

समुद्र उल्हासनगरपासून लांब आहे, आणि जवळच्या खाडीचं पाणी वापरू नका. भरती-ओहोटी आणि पावसाळ्याप्रमाणे त्याची क्षारता बदलते, शिवाय त्यात शहरांचं सांडपाणी मिसळतं. घरी तयार केलेलं पाणीच बरं.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, कधी जुन्या पाइपमधून तांबं किंवा लोह येतं. तांबं अगदी थोडं असलं तरी कोळंबी, गोगलगायी आणि कोरलना घातक ठरतं. त्यामुळे आरओ-डीआय फिल्टर लागतो. यात आरओनंतर रेझिनचा एक टप्पा असतो आणि टीडीएस मीटरवर आकडा शून्य यावा लागतो. स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी सरळ वापरता येत नाही. पिण्याच्या पाण्यासाठी त्यातल्या बऱ्याच मॉडेलमध्ये खनिजं मुद्दाम ठेवलेली किंवा परत मिसळलेली असतात.

या पाण्यात रीफ सॉल्ट मिसळायचं. बहुतेक ब्रँडचं प्रमाण लिटरला ३५ ते ४० ग्रॅम असतं, पाकिटावर बघून घ्या. बादलीत छोटा पंप लावून एक दिवस फिरू द्या आणि मग क्षारता मोजा. खायचं मीठ चालत नाही. ते जवळपास नुसतं सोडियम क्लोराइड असतं, कोरलला लागणारं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम त्यात नसतं.

क्षारता मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घ्या आणि तो ३५ च्या स्टँडर्ड द्रावणावर जुळवून घ्या. माझ्या टँकचे आकडे मी असे ठेवतो:

- क्षारता: ३५, म्हणजे विशिष्ट गुरुत्व सुमारे १.०२६
- तापमान: २५ ते २७ अंश सेल्सिअस
- पीएच: ८.१ ते ८.३
- अल्कॅलिनिटी: ८ ते ९ डीकेएच
- कॅल्शियम: लिटरला ४०० ते ४५० मिलिग्रॅम
- नायट्रेट: लिटरला १० मिलिग्रॅमच्या आत
- अमोनिया आणि नायट्राइट: शून्य

आकडा रोज थोडाफार इकडेतिकडे झाला तर घाबरू नका. एका दिवसात मोठी उडी मात्र नको, "दुरुस्ती" करतानासुद्धा नको.

मासे आणण्याआधी थांबायचं का?

हो, साधारण चार ते सहा आठवडे. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. दगडांच्या छिद्रांत राहणारे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करतात. हे जिवाणू वाढायला वेळ लागतो. समुद्री पाण्याचा पीएच जास्त असल्यामुळे त्यात अमोनियाचा विषारी भाग गोड्या पाण्याच्या टँकपेक्षा कितीतरी जास्त असतो. म्हणून टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट शून्य दिसेपर्यंत टँकमध्ये एकही मासा नको. "एक स्वस्त मासा टाकून बघू" हा सल्ला मिळतो, पण तो मासा जळजळत मरतो.

उन्हाळा आणि पावसाळा

परदेशी व्हिडिओंमध्ये हीटरवर भर असतो. आपल्याकडे बहुतेक वर्षभर काम उलटं, पाणी थंड ठेवायचं.

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागावर वारा मारणारा छोटा पंखा. १ लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २,४०० किलोज्युल उष्णता लागते. ६० लिटर पाणी १ अंशाने थंड करायला साधारण २४० किलोज्युल काढावे लागतात. म्हणजे बाहेरून उष्णता आत आलीच नाही, तर १ लिटर पाणी उडून टँक १० अंशांनी थंड झाला असता. प्रत्यक्षात खोलीतून उष्णता येतच राहते, त्यामुळे पंख्याने दोन ते तीन अंशांचा फरक पडतो.

पण माठ जसा पावसाळ्यात पाणी गार करत नाही, तसाच हा पंखाही. जून ते सप्टेंबर हवा दमट असते, वाफ कमी होते आणि पंखा नुसता फिरतो. तेव्हा चिलर, नाहीतर खोलीचा एसी, हे दोनच भरवशाचे मार्ग उरतात. चिलर घेतलात तर तो टँकच्या स्टँडच्या बंद कपाटात ठेवू नका. तो पाण्यातली उष्णता हवेत सोडतो. ती तिथेच कोंडली तर उपयोग शून्य.

आणखी एक गोष्ट. पाण्यातला पंप जितके वॅट घेतो, त्यातले जवळपास सगळे शेवटी उष्णता होऊन पाण्यातच जातात. म्हणून कमी वॅटचे डीसी पंप घ्या, आणि लाइट टँकच्या वर, मोकळ्या हवेत टांगा.

लाइट आणि लाटा

झूझँथेलीला निळा प्रकाश चांगला लागू पडतो, म्हणून रीफच्या एलईडीत ४२० ते ४६० नॅनोमीटरच्या आसपासचे दिवे जास्त असतात. मऊ कोरलना मध्यम प्रकाश पुरतो. टायमर लावून ८ ते १० तास ठेवा. नवीन लाइट कमी तीव्रतेवर सुरू करून दोन-तीन आठवड्यांत वाढवत न्या. वेव्हमेकर पाणी हलतं ठेवतो. त्याने कोरलवरची घाण निघते आणि पाण्यात ऑक्सिजन मिसळतो.

वीज गेली तर?

आपल्या भागात हा प्रश्न कधीतरी येणारा नाही, नेहमीचा आहे. देखभालीसाठी तासन्‌तास वीज बंद असते, आणि २६ जुलै २००५ सारखा पूर आला तर काही दिवसही. खाऱ्या पाण्यात मुळात ऑक्सिजन कमी विरघळतो. २५ अंशांना लिटरमध्ये जेमतेम पावणेसात मिलिग्रॅम, आणि पाणी तापलं की आणखी कमी. पाणी थांबलं की सगळ्यात आधी माशांचा श्वास अडतो. कोरल अंधारात एक-दोन दिवस काढू शकतं, मासे थांबलेल्या पाण्यात तेवढे काढू शकत नाहीत.

म्हणून क्रम असा: आधी हवा, मग तापमान, लाइट सगळ्यात शेवटी.

यूएसबीवर चालणारा एअर पंप जवळ ठेवा. १०,००० एमएएचच्या पॉवर बँकमधून प्रत्यक्षात २५ वॅट-तासांच्या आसपास वीज मिळते. दीड वॅटचा पंप त्यावर साधारण १६ तास चालतो. मात्र काही पॉवर बँक इतका कमी करंट बघून स्वतःच बंद होतात, त्यामुळे आपला सेट आधी रात्रभर चालवून बघा. घरात इन्व्हर्टर असेल तर वेव्हमेकरची लाइन त्यावर घ्या, चिलरची नको.

वीज नसताना खाद्य देऊ नका. बंद डब्याचा कॅनिस्टर फिल्टर काही तास थांबला असेल तर आतलं पाणी फेकून, धुवून मगच सुरू करा. आत ऑक्सिजन संपून सडलेलं पाणी थेट टँकमध्ये जातं.

वजन आणि शॉक

६० लिटर पाणी, काच, वाळू, दगड आणि स्टँड मिळून शंभर किलोच्या पुढे जातं. उल्हासनगरात मे २०२१ मध्ये जुन्या इमारतींचे स्लॅब कोसळून माणसं गेली, हे इथे कोणी विसरलेलं नाही. टँक भिंतीलगत, बीमजवळ ठेवा. गॅलरीत आणि गळक्या स्लॅबवर नको. याहून मोठा टँक हवा असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा.

खारं पाणी वीज उत्तम वाहून नेतं. टँकच्या लाइनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लावा. प्रत्येक वायरला प्लगच्या खाली झोळ द्या, म्हणजे ओघळणारं पाणी सॉकेटमध्ये न जाता खाली टपकेल. पाण्यात हात घालण्याआधी स्विच बंद करा.

कायदा काय सांगतो?

हा भाग वाचल्याशिवाय खरेदीला जाऊ नका. वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये रीफ बांधणारी सगळी कठीण कोरल, काळी कोरल, समुद्रपंखे आणि फायर कोरल आहेत. म्हणजे वाघाला जे संरक्षण आहे, तेच त्यांना. अनुसूची १ मधल्या जीवांच्या गुन्ह्याला किमान ३ आणि कमाल ७ वर्षांची कैद आणि दंड आहे. किनाऱ्यावरून उचललेला मेलेल्या कोरलचा तुकडाही यातून सुटत नाही. समुद्री घोडे आणि समुद्री काकड्याही संरक्षित आहेत.

दुकानदाराने "इम्पोर्टेड आहे, काही होत नाही" म्हटलं म्हणून प्रजाती यादीतून बाहेर पडत नाही. आपल्या मालवणच्या समुद्रात ही कोरल आहेत, आणि तिथलं सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे. ती तिथेच बघायची. टँकमध्ये "लाइव्ह रॉक"ऐवजी सिरॅमिक किंवा सिमेंटचे तयार दगड वापरा. जिवाणूंना फक्त छिद्रं हवी असतात.

मग ठेवायचं काय?

६० लिटरला क्लाऊनफिशची एक जोडी पुरे. पैदास केलेलेच मासे मागा. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाऊनफिशच्या पैदाशीचं तंत्र भारतात केव्हाच बसवलं आहे, आणि ऐरोलीला कांदळवन कक्षाच्या केंद्रातही ही पैदास होते. असा मासा पेलेट सहज खातो आणि त्यासाठी समुद्रातून कोणी मासा पकडलेला नसतो. "डोरी" म्हणून ओळखला जाणारा निळा टँग मात्र मोठा होतो, त्याला हा टँक म्हणजे कोठडी.

मशरूम आणि झोअँथिड हे प्रकार वरच्या कठीण कोरलमध्ये मोडत नाहीत आणि नवशिक्याला जमतात. तरी प्रजातीचं नाव लिहिलेलं बिल घ्या. झोअँथिडच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असतं. हातमोजे आणि चष्मा घाला, आणि त्यांचा दगड कधीही गरम पाण्यात उकळू नका. त्या वाफेने घरातली माणसं हॉस्पिटलमध्ये जाऊ शकतात.

आठवड्याचं काम

- रोज: तापमान बघणं, मासे खातात का बघणं, टॉप-ऑफचा डबा तपासणं. पाच मिनिटं.
- आठवड्यातून एकदा: ६ लिटर पाणी बदलणं, काच पुसणं, क्षारता, अल्कॅलिनिटी आणि नायट्रेट मोजून वहीत लिहिणं.
- महिन्यातून एकदा: पंप व्हिनेगरच्या पाण्यात धुणं, पॉवर बँक आणि एअर पंप चालवून बघणं.

बजेट कमी असेल तर आधी आरओ-डीआय, रिफ्रॅक्टोमीटर आणि वीज गेल्यावरची सोय यांवर खर्च करा. भारी लाइट नंतरही घेता येतो. आणि एप्रिल-मेमध्ये टँक सुरू करू नका. दिवाळीनंतर सुरू केलात तर हवा थंड असताना जिवाणू बसतात, हात बसतो, आणि पहिला उन्हाळा येईपर्यंत तुमच्या खोलीत पाणी किती तापतं हे वहीत लिहिलेलं असतं.